धाकटा राहिला, मी परतले

अण्णा,

आज दुपारी धाकट्याचा फोन आला होता. मी आणि आई गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. चार दिवस झाशीत धुकं होतं, आज कुठे ऊन पडलं, म्हणून आईने सकाळीच जाहीर केलं होतं की आज जे काही व्हायचं ते गच्चीवर. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, तरी त्याच्या मागे लख्ख उजेड होता. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला जानेवारीत सूर्य मावळायचं नावच घेत नाही. तो म्हणाला, "ताई, कागद मंजूर झाला. पुढच्या महिन्यात शपथ आहे, मग मी इथला नागरिक. आपला पासपोर्ट परत करावा लागतो." 'आपला' म्हणताना तो जरा अडखळला. मग आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "अण्णांना चाललं असतं का गं?" मी म्हटलं, तासाभराने फोन करते.

त्याला काय सांगितलं ते पुढे लिहिते. आधी मधलं सगळं तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली, आणि आम्हा दोघांबद्दल तुम्ही जे ठरवून गेला होतात ते बरोबर उलटं झालंय.

तुम्ही म्हणायचात, ही जिथे जाईल तिथे राज्य करील. मला गणितात बक्षिसं मिळायची, इंग्रजी चांगलं होतं, कुठेही एकटी जायची मला भीती वाटत नसे. आणि धाकटा दहा वर्षांचा असताना सुट्टीत मामाकडे नागपूरला गेला तो चौथ्या दिवशी रडत परत आला. मामाने त्याला गाडीत बसवून स्वतः आणून सोडलं होतं. त्यानंतर घरात कुणी कुठे जायचा विषय काढला की तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणायचात, "याला परतीचं तिकीट आधी काढून द्या." तो हसायचा. आता वाटतं, ते त्याला लागत असणार.

मी कॅनडाला निघाले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी कोट शिवून घेतलात. बड्या बाजारातल्या तुमच्या शिंप्याला तिकडची थंडी समजावून सांगताना तुम्ही दोन्ही हात पसरले होते, ते मला अजून दिसतं. त्याने जाड लोकरीचे दोन थर घालून असा काही कोट शिवला की तो स्वतःच उभा राहील. ऑगस्टच्या उकाड्यात तुम्ही तो दुकानातच अंगात घालून बघितलात, घामाने निथळत म्हणालात, "चालेल." टोरांटोत पहिल्याच हिवाळ्यात कळलं की तिथे वारा लोकरीतून आरपार जातो. मी बाल्कनीत तो घालून एक फोटो काढला, तुम्हाला पाठवला, आणि दुसऱ्या वर्षी चर्चच्या बाहेर कपडे गोळा करतात तिथे देऊन टाकला. तुम्ही दर डिसेंबरात विचारायचात, "कोट पुरतो ना?" मी दर डिसेंबरात सांगायचे, "पुरतो, अण्णा." धाकटा निघाला तेव्हा त्याला तुम्ही काहीच दिलं नाहीत. रेल्वेच्या डब्याच्या दारात उभ्या असलेल्या त्याला एवढंच म्हणालात, "दोन महिन्यांत येशील, मला माहीत आहे." त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आलो तर आलो, अण्णा."

एक दिवस मला नेहमी आठवतो. मी बारा वर्षांची असेन. तुम्ही मऊरानीपूरच्या तहसील कचेरीत होतात, रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचात आणि संध्याकाळी परत यायचात. शाळेला सुट्टी होती म्हणून मला बरोबर नेलंत. मी तुमच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले आहे, समोर लाल कापडात बांधलेल्या दप्तरांची उतरंड आहे, आणि एक म्हातारा शेतकरी हात जोडून सांगतोय, "बाबूजी, हमाए खेत को नक्सा नईं मिल रओ." मला त्याचं ते बोलणं ऐकून हसू फुटलं. घरी आपण मराठी बोलायचो, शाळेत शुद्ध हिंदी, आणि बुंदेली म्हणजे आमच्या लेखी रस्त्यावरची भाषा. तुम्ही मान वर केली नाहीत. त्याचं काम होईपर्यंत त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलत राहिलात, "काए दद्दा, पैलां काए नईं आए?" म्हणालात, आणि तोही हसला. मला वाटलं, सुटले. पण परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर बघत तुम्ही म्हणालात, "आपल्या घराण्याला इथे येऊन अडीचशे वर्षं झाली. अजून इथल्या माणसाचं बोलणं ऐकून तुला हसू येत असेल, तर आपण अजून पोचलोच नाही असं समज." तुम्ही आवाज चढवला नव्हता. मला मात्र झाशीपर्यंत मान वर करवली नाही.

त्या दिवसाचा अर्थ मला पंधरा वर्षं टोरांटोत राहूनही कळला नव्हता. मी तिथे उत्तम राहिले, अण्णा. विमा कंपनीत नोकरी होती, तेराव्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल होतं, पगार चांगला होता. भाषा मला येतच होती, त्यामुळे कुणाला काही विचारायची वेळ आली नाही. नकाशा बघून रस्ते शोधले, पुस्तक वाचून कर भरले, नळ गळायला लागला तेव्हा स्वतः वॉशर बदलला. याचा मला अभिमान होता. शेजारच्या घरात एक वयस्क पोर्तुगीज बाई एकट्या राहायच्या. मी त्या इमारतीत राहायला गेले त्याच महिन्यात त्यांनी दार वाजवून मला कॉफीला बोलावलं. मी म्हटलं, आज काम आहे. पुन्हा एकदा बोलावलं, तेव्हाही काम होतं. तिसऱ्यांदा त्या स्वतः केलेला केक घेऊन आल्या, आणि मी तो दारातच घेऊन आभार मानले, त्यांना आत या म्हटलं नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटल्या की आम्ही हवापाण्याचं बोलायचो. बारा वर्षं हवापाण्याचंच बोललो. यात कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. मीच सगळ्यांशी इतकी व्यवस्थित वागत होते की कुणाला जवळ यायला जागाच नव्हती.

मग तुम्ही गेलात. आम्ही दोघंही पोचलो नाही. माझं विमान दिल्लीला उतरलं तेव्हा तिसरा दिवस संपत होता. धाकट्याचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी तिकडच्या कचेरीत अडकला होता, तो फोनवर नुसता रडत होता. आईने मला नंतर सांगितलं, समोरचे कापडवाले भैयाजी तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाभीजी, आप हाँ कहें तो आग हम दे देते हैं। तीस साल से भैया कहा है उनको।" आईने मान हलवली. गल्लीतल्या लोकांनी तुम्हाला खांद्यावर नेलं. त्यात मराठी माणसं दोनच होती, बाकी सगळे साहू, यादव, कुशवाहा, आणि कोपऱ्यावरचे घड्याळवाले चाचा. मी चौथ्या दिवशी पोचले तर भैयाजींचं डोकं भादरलेलं होतं. मी त्यांच्या पायाशी वाकले, तर त्यांनी मला धरून उठवलं आणि आपल्या बायकोला, आमच्या भाभीजींना, हाक मारली, "बिटिया दो दिन से जहाज में बैठी है, कुछ खिलाओ पहले।" टोरांटोला परतल्यावर एका सकाळी लिफ्टमध्ये उभी असताना माझ्या मनात आलं, या इमारतीत मला खांदा द्यायचं तर राहू द्या, माझं पूर्ण नाव तरी किती जणांना माहीत आहे? उत्तर अवघड नव्हतं. पत्रपेटीवर लिहिलेलं होतं तेवढंच.

तरीही मी लगेच परतले नाही. पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत धाकटा तिकडे टिकला, आणि हे मला खरं तर समजत नव्हतं. त्याचं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. इथे बर्फाच्या कारखान्यात आणि बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिकलेलं कॉम्प्रेसरचं काम, एवढ्या भांडवलावर तो गेला होता. तिकडे गोठ्यांमध्ये दूध थंड ठेवायच्या मोठाल्या टाक्या असतात, त्या तो दुरुस्त करतो. मी समजत होते की तो कसेबसे दिवस काढत असेल आणि आपल्याला सांगत नसेल.

एका मार्च महिन्यात त्याचा फोन आला की शिडीवरून पडलो, पाय मोडलाय. मी रजा टाकली, दोन विमानं बदलून तिकडे गेले. जाताना बॅगेत मूगडाळ, मसाले, छोटा कुकर, सगळं भरलं होतं. मनात हेच की बिचारा एकटा पडलाय, आता महिनाभर मी करीन. त्याच्या घराचं दार उघडंच होतं. आत त्याच्या पलंगाशेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते आणि दोघं पत्ते खेळत होते. स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, तर कुकर ठेवायला सुद्धा जागा नव्हती. झाकणं लावलेली भांडी एकावर एक रचलेली, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून कुणाचं भांडं ते लिहिलेलं, आणि खाली मोठ्या अक्षरात 'मांस नाही, अंडं नाही'. एकीने तर 'लसूण आहे, चालतो असं कळलं' असंही लिहिलं होतं. मी फ्रिजचं दार धरून उभी राहिले. पलंगावरून धाकटा ओरडला, "ताई, पिवळ्या झाकणाचं आधी संपव, उद्या त्यांना भांडं हवंय."

संध्याकाळी मी त्याला विचारलं, "अरे, हे सगळे तुझ्या ओळखीचे कसे?"

"अगं, मला काही येतच नव्हतं," तो म्हणाला. "आल्यावर पहिल्या आठवड्यात बल्ब लावायला शिडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांकडे गेलो. शिडीला काय म्हणतात तेच आठवेना. हातांनी करून दाखवलं तर त्यांना वाटलं, मला झाड तोडायचंय. ते करवत घेऊन आले." तो इतका हसला की पाय दुखावला. "मग शिडी परत करायला गेलो तर त्यांनी चहाला बसवलं. मग त्यांचा फ्रीजर बिघडला तर मला बोलावलं. असंच झालं. बोलायला त्यांनीच शिकवलं मला."

"आणि पडलास कशावरून?"

"त्याच शिडीवरून. म्हणून तर ते बिचारे रोज येतात, त्यांना वाटतं त्यांचीच चूक."

ते पत्ते खेळणारे आजोबा म्हणजे हेच शेजारी. मी तिथे महिना राहायला गेले होते, बारा दिवसांत परतले, कारण मला करण्यासारखं काही नव्हतं. निघताना आजोबांनी मला मोटारीने विमानतळावर सोडलं. वाटेत म्हणाले, तुमचा भाऊ आमच्याकडे आला तेव्हा आम्हाला वाटलं होतं की हा हिवाळ्याआधी पळून जाईल. मी म्हटलं, आमच्या वडिलांनाही तेच वाटलं होतं.

त्यानंतर वर्षभरात मी नोकरी सोडली आणि झाशीला आले. सगळ्यांना सांगितलं, आईसाठी. लोकांनी मान डोलावली, पण डोळ्यांत वेगळाच प्रश्न असायचा. एकाने तर बँकेच्या रांगेत विचारलंच, "क्यों जी, वहाँ नौकरी छूट गई क्या?" आणि अण्णा, खरं सांगते, पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मला वाटलं होतं, आपलं गाव आहे, आपोआप सगळं जमेल. पण मी इथेही तशीच राहत होते. वेळेवर उठायचं, आपलं आपण करायचं, कुणाच्या दारात जायचं नाही. दर गोष्टीची तिकडच्याशी तुलना करायचे. दोनदा परतीच्या तिकिटाचे भावही बघून ठेवले होते.

जून महिना होता, आई मामाकडे नागपूरला गेली होती, आणि पाण्याची मोटार जळाली. मी मिस्तरीला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो. मी दोन दिवस बाटल्या विकत आणून काढले, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, अंघोळीशिवाय. तिसऱ्या दिवशी सकाळी भाभीजी काहीतरी द्यायला आल्या आणि त्यांनी मोरीतली कोरडी बादली बघितली. त्या तशाच मागे फिरल्या. पाच मिनिटांत भैयाजी दारात. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "दो दिन से पानी नहीं है और तुमने बताया नहीं? हम लोग मर गए थे क्या?" मी म्हटलं, "आपको तकलीफ़ नहीं देना चाहती थी।" त्यावर ते आणखी संतापले. "तो किसको दोगी तकलीफ़? कोई और बैठा है यहाँ?" मग त्यांनी दुकान नोकरावर टाकलं, आपल्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर गल्ली ओलांडून पाइप आणला, आणि टाकी भरेपर्यंत त्या उन्हात तो धरून उभे राहिले. मी शेजारी उभी होते. त्या वेळी मला धाकट्याचा फ्रिज आठवला, आणि तुमचं गाडीतलं बोलणंही.

तेव्हापासून मी मागायला शिकले. सोपं नाही ते, अजूनही जड जातं. आधी भाभीजींकडे मिक्सर मागितला. मग त्यांनी नातीला माझ्याकडे गणिताला पाठवलं. तिच्याबरोबर मैत्रिणी आल्या, आणि आता रोज चार ते सहा वरच्या खोलीत चौदा मुली असतात. त्यांना माझी मराठी वळणाची हिंदी ऐकून हसू येतं आणि मी त्यांना हसू देते. सकाळी लक्ष्मी तालाच्या काठी फिरायला जाते, तिथे आम्ही पाच-सहा जणी जमतो, महालक्ष्मीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून सगळ्या जगाची चर्चा करतो. भाजीवाली मला वांगी निवडू देत नाही, म्हणते, "तुमाए बस की नइयां," हे तुमच्याने व्हायचं नाही, आणि स्वतः निवडून देते. मागच्या वर्षी मला आठ दिवस ताप होता तेव्हा आईला स्वयंपाक करावा लागला नाही. मी पडल्या पडल्या जिन्यातले आवाज ऐकत होते आणि कोण आलंय ते पावलांवरून ओळखत होते.

लोक मला विचारतात, काही जण तिकडे सुखात कसे राहतात आणि काही परत का येतात. मी पूर्वी लांबलचक उत्तर द्यायचे. आता म्हणते, मला एकाच घरातल्या दोघांचं माहीत आहे, बाकीच्यांचं नाही. कुणाकडे काही न मागताही मजेत राहिलेली माणसं मी टोरांटोत बघितली आहेत, त्यांना ते एकटेपण मानवतं. माझ्या वर्गातली एक मुलगी नर्सिंगसाठी आयर्लंडला निघाली आहे. ती म्हणाली, "दीदी, आप तो लौट आईं, मैं जाऊँ कि नहीं?" मी म्हटलं, जा. आणि पहिल्याच आठवड्यात कुणाकडून तरी काहीतरी उसनं आण, लागत नसलं तरी.

तर आजचं. फोन ठेवल्यावर मी आईला सांगितलं की तो विचारतोय, अण्णांना चाललं असतं का. मला वाटलं ती रडेल. तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे परातीत टाकले आणि म्हणाली, "आपले जे कोण पहिले इथे आले आणि राहिले, ते मागे महाराष्ट्रात राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारत बसले होते का? त्याला म्हणावं, शपथ घेताना चांगला सदरा घाल." थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, पण उन्हाने असेल असं मी धरून चालले.

तासाने मी फोन केला. त्याला सांगितलं, "अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी बड्या बाजारात जाऊन प्रत्येक दुकानात सांगितलं असतं, आमच्या धाकट्याला त्या लोकांनी आपलं म्हटलंय." तो म्हणाला, "खरंच असं म्हणाले असते?" मी म्हटलं, "हो." माझ्या आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. आता तुम्हाला लिहिताना ती आहे, पण तुम्ही मला खोटं पाडू शकत नाही, आणि तो आज शांत झोपेल. उन्हाळ्यात तो येणार आहे, व्हिसा काढून. अर्जावर 'भारतात ओळखीचं कोण' या रकान्यात माझं नाव टाकणार आहे. त्याला त्याची गंमत वाटते आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. आईला दाखवणार नाही आणि धाकट्यालाही नाही, कारण एक गोष्ट अशी आहे की जी परत आलेल्या माणसाने बोलायची नसते. मी इथे सुखात आहे, हे मनापासून लिहिते आहे. पुन्हा तिकडे राहायला जायचं माझ्या मनात नाही. पण रोज सकाळी उठल्यावर, चहा ठेवायच्याही आधी, मी फोनवर टोरांटोचं हवामान बघते. दहा वर्षांत एकही दिवस चुकवलेला नाही. आज तिथे उणे अकरा आहे, अण्णा, आणि संध्याकाळपर्यंत बर्फ पडेल.